शिट्टीआधीची सवलत

टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये मलेशियाच्या मुहम्मद झियाद झोल्केफ्लीने 17.94 मीटर गोळा टाकला. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या एफ20 गटात तोवर इतक्या लांब कुणी टाकला नव्हता. तरी निकालपत्रात त्याच्या नावापुढे ‘स्पर्धेत उतरला नाही’ अशी नोंद झाली. तो कॉल रूममध्ये, म्हणजे स्पर्धेआधीच्या हजेरीच्या खोलीत, काही मिनिटे उशिरा पोहोचला होता. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्याला खेळू दिले, आणि निकाल विरुद्ध गेला. सुवर्णपदक 17.34 मीटर टाकणाऱ्या युक्रेनच्या माक्सिम कोवालला मिळाले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये स्पेनची दृष्टिबाधित एलेना काँगोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. अंतिम रेषा काही पावलांवर असताना तिला वाट दाखवत सोबत धावणारा गाइड रनर पायात गोळे येऊन कोसळू लागला. त्याला सावरायला तिने दोघांना जोडणारी दोरी क्षणभर सोडली, आणि ती बाद झाली. त्याच पॅरिसमध्ये इराणच्या सादेघ बेत सायाहचा भाला कमी उंचीच्या खेळाडूंच्या एफ41 गटात सर्वांत लांब, 47.64 मीटरवर पडला. पण ध्वज दाखवल्यामुळे अयोग्य वर्तनाच्या नियमाखाली तो बाद ठरला आणि 47.32 मीटर टाकणाऱ्या आपल्या नवदीप सिंगचे रौप्य सुवर्ण झाले.

असे काही घडले की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, नशिबाने ज्यांना आधीच इतके सोसायला लावले त्यांना निदान तुम्ही तरी सोडा. दुसरा म्हणतो, नियम म्हणजे नियम, पुढे बोलायचे कारण नाही. पहिल्याला खेळाडूची कीव येते. दुसऱ्याला नियमाची कुवत तपासायचा कंटाळा येतो. खेळाडूकडे खेळाडू म्हणून दोघेही बघत नाहीत. माझे म्हणणे असे आहे: दिव्यांगांच्या स्पर्धेत एकदा शिट्टी वाजली की पंचाने कुणालाही सूट देऊ नये. हा खेळ मुळात सवलतींवरच उभा आहे, आणि त्या सवलती आधी मोजून, लिहून, सर्वांना सांगून दिलेल्या असतात. मात्र नियम कसा लिहिला, शिक्षेचे माप काय ठेवले, सूचना खेळाडूपर्यंत पोहोचली का, दाद मागायची सोय खरोखर वापरता येते का, ही कामे आयोजकांनी आधी नीट केलेली नसतील, तर मैदानावर कडक वागायचा त्यांचा अधिकार लंगडा पडतो.

पॅरा खेळ म्हणजे नेहमीचेच नियम जरा सैल करून खेळलेला खेळ, अशी एक सर्रास समजूत आहे. प्रत्यक्षात हे नियम नेहमीच्या नियमांपेक्षा बारीक असतात. पोहण्याचे घ्या. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना आणि शेवटी दोन्ही हातांनी एकाच वेळी भिंतीला स्पर्श करावा लागतो. मग ज्याला एकच हात आहे त्याने काय करायचे? त्याचा निर्णय भिंतीपाशी उभ्या असलेल्या पंचाने घ्यायचा नसतो. वर्गीकरणाच्या, म्हणजे अक्षमता तपासून गट ठरवण्याच्या, वेळी त्या पोहणाऱ्याच्या नावापुढे अपवादाचा संकेत लिहिला जातो, तो यादीत छापून येतो, आणि पंचाला शर्यतीआधीच ठाऊक असते की चौथ्या लेनमधला एकाच हाताने स्पर्श करणार आहे. पाचव्या लेनमधल्याच्या नावापुढे तो संकेत नसेल आणि त्याने एका हाताने स्पर्श केला, तर तो बाद. एकच कृती एकाला माफ आणि दुसऱ्याला महाग. तरीही त्यात अन्याय नाही, कारण कुणाला काय माफ आहे ते पाण्यात उतरण्याआधी ठरलेले होते.

बसून गोळा टाकण्याची स्पर्धा जवळून पाहिली तर हे आणखी स्पष्ट होते. खेळाडू जमिनीला जखडलेल्या चौकटीवर बसतो. आसनाची उंची, वरची उशी धरून, 75 सेंटिमीटरच्या वर चालत नाही. पट्ट्यांनी मांड्या आवळल्या जातात, एका हाताने उभा दांडा धरला जातो. बाजूला बसलेल्या पंचाचे लक्ष गोळ्याकडे नसते. तो मांडीखालची फट बघत असतो. गुडघ्याच्या मागच्या भागापासून बैठकीच्या हाडापर्यंतचा भाग आसनाला टेकलेला राहिला पाहिजे. गोळा सुटण्याआधी तो उचलला गेला की लाल झेंडा. एवढ्याशा फटीचे एवढे काय? कंबर उचलता आली की पायातला आणि नितंबातला जोर गोळ्याला मिळतो, आणि त्याच गटात शेजारी असा कुणी असतो ज्याच्याकडे तो जोर वापरण्याजोगा नसतोच. ती फट माफ केली तर पंचाने त्या शेजाऱ्याचे अंतर चोरले असे होईल. उलट फेकताना हाताखालचा दांडा तुटला आणि त्यामुळे फाउल झाला, तर तो प्रयत्न मोजत नाहीत, पुन्हा टाकू देतात. दांडा तुटणे हा खेळाडूचा दोष नाही, हे लिहिणाऱ्याने आधीच ओळखले होते. करुणा नियमातच बसवलेली असली की पंचाला वेगळी दाखवावी लागत नाही.

बोचा म्हणजे लक्ष्य-चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू पोहोचवण्याचा खेळ. त्यातही हेच दिसते. बीसी3 गटातल्या खेळाडूला चेंडू हाताने टाकता येत नाही. त्याचा सहायक उतरती पन्हळ त्याच्या खुणेप्रमाणे फिरवतो, खेळाडू वरून चेंडू सोडतो. सहायकाने मैदानाकडे पाठ करूनच बसायचे असते. त्याने मान वळवून पाहिले तर दंड. पाहणाऱ्याला हा जाच वाटतो. बिचारा मदतच तर करतोय! पण त्या एका नजरेत दिशेचा अंदाज सहायकाचा होतो आणि खेळाडू नावापुरता उरतो. ज्याचे हातपाय, काही वेळा वाचाही, दुसऱ्यावर अवलंबून आहे त्याच्याकडे स्वतःचा म्हणावा असा निर्णयच काय तो असतो. हा नियम त्याचे तेवढे राखून ठेवतो.

पंचाची ढिलाई कुणाच्या मुळावर येते, हा माझ्या मते या वादातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो जवळजवळ कुणीच विचारत नाही. व्हीलचेअर रग्बीत प्रत्येक खेळाडूला क्षमतेनुसार 0.5 ते 3.5 गुण असतात आणि मैदानावरच्या चौघांची बेरीज 8 च्या आत ठेवावी लागते. संघात महिला असेल तर थोडी वाढ मिळते. समजा पंचाने एखाद्या संघाचा अर्धा गुण जास्त चालवून घेतला. अर्ध्या गुणाने काय बिघडले, असे वाटेल. पण प्रशिक्षक लगेच हिशोब करेल आणि ज्याच्या हातांत सर्वांत कमी शक्ती आहे त्या 0.5 वाल्याला बाकावर बसवून जास्त क्षमतेचा खेळाडू आत आणेल. बेरजेचा नियम आहे म्हणूनच त्या 0.5 वाल्याला मैदानावर जागा आहे. दिव्यांगांच्या खेळात नियमाची ढिलाई वापरून घ्यायला थोडी तरी जास्त क्षमता लागते. त्यामुळे ती कायम कमी अक्षमता असलेल्याच्या फायद्याची आणि जास्त अक्षमता असलेल्याच्या तोट्याची ठरते.

सिडनीत 2000 साली हे अख्ख्या जगाला दिसले. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेनने सुवर्ण जिंकले आणि नंतर उघड झाले की संघातल्या 12 पैकी 10 जणांना तशी कोणतीही अक्षमता नव्हती. चाचणीची कागदपत्रे कुणी नीट तपासलीच नव्हती. पदके परत घेतली गेली. पण खरी किंमत मोजली ती दुसऱ्यांनीच. पात्रता तपासायची भरवशाची पद्धत नाही म्हणून बौद्धिक अक्षमतेच्या स्पर्धाच पॅरालिम्पिकमधून काढल्या गेल्या आणि थेट 2012 साली लंडनमध्ये परत आल्या. बारा वर्षे! धावपटूची, पोहणाऱ्याची उमेदीची वर्षे तेवढीच असतात. ज्या मुलामुलींनी कुणालाही फसवले नव्हते त्यांची ती वर्षे तपासनिसांच्या ढिलाईने खाल्ली. ‘यांच्या बाबतीत एवढे काटेकोर कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये. एफ20 मध्ये गोळा टाकायला झोल्केफ्लीला पॅरालिम्पिकचे मैदान मिळाले तेही पात्रतेची तपासणी नंतर कडक झाली म्हणूनच.

आता समोरच्या बाजूचे जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करू. काँगोस्तच्या बाबतीत नियमाचा हेतू आणि नियमाचा परिणाम यांची फारकत झाली. दोरी कशासाठी असते? गाइडने ओढू नये, ढकलू नये, दोघांनी ठरल्या अंतरात राहावे आणि खेळाडूने सोबत गाइड घेऊन धावायचे ठरवले आहे तर शेवटपर्यंत तसेच धावावे, यासाठी. तिने दोरी सोडली तेव्हा तिला यातला कुठलाही फायदा झाला नाही. उलट ती थांबली, वेळ गेला. मागून येणारी जपानची मिसातो मिचिशिता तीन मिनिटांहून जास्त मागे होती, म्हणजे कुणाचे काही हिरावलेही गेले नव्हते. पडणाऱ्या माणसाला हात देणे हा अपराध कसा, हा प्रश्न योग्य आहे, आणि ‘नियम म्हणजे नियम’ हे त्याचे उत्तर होत नाही.

पण मग त्या क्षणी पंचाने काय करायला हवे होते? मनाला पटेल तसे? दृष्टिहीनांच्या शंभर मीटरमध्ये गाइड खेळाडूच्या आधी रेषा ओलांडून गेला तर खेळाडू बाद होतो. उद्या एखादा गाइड म्हणेल, माझा तोल गेला, हेतू नव्हता. त्याचेही खरे असेल. दोरी हातातून निसटली की सोडली, ओढ पडली की दिली, हे ठरवायला पंचाला दोन माणसांच्या मनात शिरावे लागेल, आणि तेही सेकंदाच्या शंभराव्या भागावर पदक ठरणाऱ्या शर्यतीत. पंचाला कृती दिसते, मन दिसत नाही. म्हणून दुरुस्ती नियमाच्या मजकुरात हवी: गाइडला दुखापत झाली वा तो पडला, आणि दोरी सुटल्याने अंतराचा वा वेळेचा फायदा झाला नाही, तर त्याच जागी दोरी पुन्हा धरून पुढे जाता यावे. हे चार ओळींचे काम आहे. दोष असलाच तर या चार ओळी न लिहिणाऱ्यांचा आहे. त्या दिवशी लाल खूण करणाऱ्या पंचाचा नाही, आणि कांस्य गळ्यात पडलेल्या मिचिशिताचा तर मुळीच नाही.

या वादाला एक जुना दाखला आहे. 1908 साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री मॅरेथॉनच्या शेवटी स्टेडियममध्ये पहिला शिरला, पण त्याचे भान हरपले होते. तो चुकीच्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा कोसळला. अधिकाऱ्यांना बघवेना. त्यांनी त्याला उचलून उभे केले, रेषेपार नेले. अमेरिकेने तक्रार केली, पिएत्री बाद झाला, सुवर्ण जॉनी हेजला गेले. आणि राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला चांदीचा सोनेरी मुलामा दिलेला चषक दिला. या प्रसंगात राणीचे औदार्य सगळ्यांना आठवते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. पिएत्रीने स्वतः नियम मोडला नव्हता. तो बाद झाला तो अधिकाऱ्यांनी केलेल्या मदतीमुळे. मैदानावरच्या दयेनेच त्याचा घात केला. चषक मात्र हेजच्या पदकातून काही कापून घेऊन दिलेला नव्हता. आदर दाखवायला शंभर वाटा आहेत. दुसऱ्याच्या खिशातून दाखवायचा नसतो.

कारण समोरचाही दिव्यांगच असतो, हे ‘सोडून द्या’ म्हणणारे दर वेळी विसरतात. कोवाल वेळेवर आला होता. कॉल रूममध्ये नंबर, बूट, पोशाखावरच्या खुणा, साहित्य तपासले जाते, आणि सगळ्यांना एकत्र मैदानात नेतात. एकासाठी थांबायचे म्हणजे बाकीच्यांनी अंग गरम करून बसून राहायचे. सेरेब्रल पाल्सी असलेल्याचे स्नायू असे थांबले की आखडतात. मणक्याला वरच्या भागात दुखापत झालेल्याला दुखापतीखाली घाम नीट येत नाही, उन्हात थांबणे त्याला धोक्याचे असते. धडधाकट खेळाडूंच्या स्पर्धेत पाच मिनिटांचा उशीर ही गैरसोय असते. इथे ती कुणाच्या तरी कामगिरीतून वजा होते. झोल्केफ्लीच्या हुकलेल्या पदकाचे दुःख मलाही आहे. पण त्यावर जो संताप उसळला त्याचे चटके कोवालने सोसले, आणि त्याने काहीच चूक केली नव्हती.

तरी इथेही आयोजकांना सुटका नाही. गट बौद्धिक अक्षमतेचा आहे. वेळेचे भान, गोंगाटातली घोषणा पकडणे, एकदम बदललेली सूचना समजणे या गोष्टी याच खेळाडूंना अवघड जातात. अक्षमतेचे स्वरूपच ते आहे. अशा गटाला फक्त ध्वनिक्षेपकावरून बोलावून मोकळे होणे म्हणजे व्हीलचेअरवाल्याला जिन्यावरून बोलावण्यासारखे आहे. उपाय अवघड नाहीत. सराव मैदानावरून प्रत्येक खेळाडूला नावाने नेणारा एक माणूस, वेळ आणि वाट चित्रांत दाखवणारे कार्ड, संघाच्या जबाबदार व्यक्तीची हजेरीवर सही, आणि कोणती घोषणा किती वाजता झाली याची नोंद. एवढे केले की उशिराची जबाबदारी कुणाची हे कागदावरच दिसते आणि तीन मिनिटांच्या उशिरावर कडक राहायला कुणाची हरकत उरत नाही. एवढे न करता कडक राहिले तर शिक्षा अक्षमतेलाच होते.

शिक्षेच्या मापाचा प्रश्न केवळ पॅरा खेळाचा नाही. विनेश फोगाट पॅरिसमध्ये अंतिम फेरीच्या सकाळी 100 ग्रॅमने जास्त भरली आणि आधीच्या दिवशी जिंकलेल्या लढतींसकट तळाला गेली. लवादाच्या निकालपत्रात या परिणामाला अतिकठोर म्हटले आहे, तरी अपील फेटाळले गेले; वजनाची मर्यादा सर्वांना एकच होती. मला हा निकाल पटतो आणि नियम पटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येतात, किंबहुना तशाच म्हटल्या पाहिजेत. लंडनला 2012 साली दोनशे मीटरमध्ये ब्राझीलच्या अलान ओलिवेराने ऑस्कर पिस्टोरियसला 21.45 विरुद्ध 21.52 सेकंदांनी हरवले तेव्हा पिस्टोरियसने त्याच्या कृत्रिम पायांच्या, म्हणजे ब्लेडच्या, लांबीवर आक्षेप घेतला. ब्लेड तेव्हाच्या मापात बसत होते, निकाल कायम राहिला. ब्लेडवर उभ्या धावपटूची कमाल उंची काढण्याचे सूत्र पुढे 2018 पासून बदलले. मला हाच क्रम योग्य वाटतो. धावून झालेल्या शर्यतीला नवे माप लावायचे नाही, आणि जुने माप चुकीचे होते हे कबूल करायला लाजायचेही नाही.

बेत सायाहचे प्रकरण थोडे निराळे आहे. त्याच्या फेकीत काही खोट नव्हती. शिक्षा वर्तनाची होती. वर्तनासाठी मोजलेले अंतर पुसून टाकावे का, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. पण तिथे निदान पायऱ्या होत्या: पिवळे कार्ड, दुसरे पिवळे, मग लाल. आपल्याकडे त्या दिवशी ‘नियम म्हणजे नियम’ म्हणून आनंद साजरा करणाऱ्यांनी, आपला खेळाडू कधी कॉल रूमच्या दारात अडला तर, हेच वाक्य आठवायची तयारी ठेवावी.

एक आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. हे सगळे वरच्या पातळीवर ठीक. पण जिथे खेळाडू पहिल्यांदाच उतरतोय, ज्याच्याकडे उसनी खुर्ची आहे, ज्याचे वर्गीकरण करायला जाणकार पॅनेलच मिळालेले नाही, तिथेही हेच मोजमाप? नाही. पण तिथेही पंचाच्या मर्जीवर सोडू नये. प्राथमिक स्पर्धांसाठी वेगळी, छोटी नियमावली असावी आणि तिच्यात लिहावे की साहित्याच्या चुकीला पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा प्रयत्न रद्द, तिसऱ्यांदा बाद. त्या ताकिदीत चूक नेमकी कोणती आणि किती सेंटिमीटरची हे असावे, म्हणजे खेळाडू घरी जाऊन ती दुरुस्त करू शकेल. तोंडी माफी मिळालेला खेळाडू तीच चूक घेऊन वर जातो आणि जिथे ती सर्वांत महाग पडते तिथे बाद होतो.

कडकपणा दोन्हीकडून हवा. अमेरिकेच्या जिम थॉर्पची 1912 ची ऑलिम्पिक पदके हौशीपणाचा, म्हणजे पैसे घेऊन न खेळण्याचा, नियम मोडल्याबद्दल 1913 साली काढून घेतली गेली, पण हरकत घ्यायची 30 दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. खेळाडूवर नियम चालवणाऱ्यांनी स्वतःवर मात्र चालवला नाही. त्याची पदके परत देण्याचा निर्णय 1982 साली झाला, तो जिवंत नसताना. याउलट रिओत 2016 साली ब्रिटनची लिबी क्लेग उपांत्य फेरीत, गाइडने ओढले म्हणून बाद झाली, अपिलात तो निर्णय फिरला, ती अंतिम फेरी धावली आणि शंभर मीटरचे सुवर्ण जिंकली. पंच कडक होता, अपील तितकेच जलद होते, आणि दुरुस्ती पुढच्या शर्यतीआधी झाली.

म्हणूनच मला सर्वांत जास्त काळजी अपिलाच्या खोलीची वाटते. ॲथलेटिक्समध्ये अधिकृत निकाल जाहीर झाल्यापासून तक्रारीला 30 मिनिटे मिळतात. अपील करायचे ते लेखी, आणि बहुतेक वेळा पुरावा म्हणजे चित्रफीत. पूर्ण दृष्टिहीन धावपटूवर आरोप आहे की तिच्या गाइडने ओढले. ती चित्रफीत तिने कशी पाहायची? तिच्या वतीने ती पाहणार तो बहुधा तोच गाइड, ज्याच्यावर आरोप आहे. ज्याला बोलायला वेळ लागतो, ज्याला लिहायला दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्यासाठीही घड्याळ तेच. धावपट्टीवर एका हाताच्या, एका डोळ्याच्या फरकाचा हिशोब करणाऱ्या नियमावलीने या खोलीत सगळ्यांना धडधाकट धरले आहे. इथे आधी एक त्रयस्थ माणूस बसवा, जो चित्रफितीतले दृश्य खेळाडूला शब्दांत सांगेल, आणि लागेल त्याला लेखनिक द्या, वेळ वाढवून द्या, पण किती वाढवली ते यादीत आधी छापा.